आघाडीच्या खेळाडूचे बिऱ्हाड

मनुष्य कोणत्या धंद्यावर पोट भरतो, त्यावरून त्याची भाषा घडत जाते. शेतकऱ्याच्या बोलण्यात पाऊस असावयाचा, कोळ्याच्या बोलण्यात भरती-ओहोटी. पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण ह्या आपल्या टापूत कारखान्यांच्या पाळ्यांवर ज्यांचे दिवस मोजले जातात, त्यांच्या बोलण्यात एक शब्द वारंवार येतो. तो म्हणजे 'कायम'. अमक्यांचा मुलगा कायम झाला काय, तमक्यांचा जावई अजून कंत्राटावरच आहे काय, ही चौकशी येथे प्रकृतीच्या चौकशीइतकीच सहज होते. लग्नाच्या बोलणीतसुद्धा हा शब्द आधी येतो, आणि मुलाचे रंगरूप मागाहून. अशा टापूतील मुलांना व त्यांच्या आईबापांना मी आज एका अशा धंद्याची हकीकत सांगणार आहे, की ज्याच्या शब्दकोशात 'कायम' हा शब्दच नाही. तो धंदा फुटबॉलचा. आणि त्यातही आघाडीला राहून गोल करावयाचा, म्हणजे ज्याला आपण 'फॉरवर्ड' म्हणतो त्याचा.

फुटबॉलचा व माझा परिचय जुना आहे. मिशनच्या वसतिगृहात असताना मी 'राइट आउट', म्हणजे उजव्या कडेला, खेळत असे. बूट सर्वांना पुरत नसत. तेव्हा ज्याचा जो पाय चालता, त्या पायाचा बूट त्याला, अशी वाटणी आम्ही करून घेत असू. त्या खेळाने मला उपजीविका दिली नाही. परंतु दमल्यावरही धावता येते, आणि आपल्याला चेंडू मिळाला नाही तरी सामना आपलाच असतो, ह्या दोन गोष्टी दिल्या. आज शिक्षक म्हणून मैदानाच्या कडेला उभा राहतो, तेव्हा मुलांच्या पाठीवर अर्जेंटिना व पोर्तुगाल येथील खेळाडूंची नावे वाचावयास मिळतात. एके दिवशी नववीच्या वर्गात मी विचारिले, "महाराष्ट्रात जन्मलेल्या आणि फुटबॉल हाच धंदा करणाऱ्या एखाद्या फॉरवर्डचे नाव सांगा पाहू." वर्ग गप्प राहिला. त्या दिवशी मी जे थोडक्यात तोंडी सांगितले, तेच येथे जरा विस्ताराने लिहितो.

त्या खेळाडूचे नाव अनिकेत जाधव. त्याचा जन्म १३ जुलै २००० रोजी कोल्हापुरात झाला. रिक्षा चालवून संसार चालविणाऱ्या पित्याचा हा मुलगा. कोल्हापूर म्हटले की आपल्याला कुस्ती आठवते. परंतु त्या शहरात फुटबॉलचे वेड कुस्तीपेक्षा कमी नाही, किंबहुना दोहोंचे घर एकच आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे कुस्तीच्या आखाड्यांची वाटतात. परंतु शाहू स्टेडियमवर हीच नावे फुटबॉलच्या संघांची असतात, आणि त्यांच्या सामन्यांच्या वेळी पेठाच्या पेठा लोटतात. असल्या गावात जन्मलेल्या मुलाच्या पायाला चेंडू लागावयास फार वेळ लागत नाही.

तथापि गावचे वेड ही एक गोष्ट, आणि शिक्षण ही दुसरी. अनिकेत लहान वयातच घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला. ही राज्य शासनाची निवासी संस्था बालेवाडीच्या क्रीडानगरीत, म्हणजे आपल्या वाकड-हिंजवडीच्या शेजारीच, आहे. तेथून तो हिंदुस्थानच्या सतरा वर्षांखालील संघात निवडला गेला. त्या वयाची विश्वचषक स्पर्धा ६ ऑक्टोबर २०१७ पासून आपल्या देशात भरली, आणि फुटबॉलच्या कोणत्याही वयोगटाच्या विश्वचषकात आपला संघ उतरण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. दिल्लीच्या मैदानावर आपण अमेरिकेशी ०–३, कोलंबियाशी १–२ आणि घानाशी ०–४ असे तिन्ही सामने हरलो. आपल्या बाजूचा एकमेव गोल जिक्सन सिंग ह्या मणिपुरी मुलाने केला. अनिकेत आघाडीला होता, आणि त्याच्या नावावर गोल लागला नाही. आघाडीच्या खेळाडूच्या आयुष्यातील पहिला धडा हाच होय. बचाव करणाऱ्याने दहा वेळा चेंडू अडविला तर त्याची वाहवा होते. फॉरवर्ड दहा वेळा धावला आणि गोल झाला नाही, तर हिशेबाच्या वहीत शून्यच मांडले जाते.

परंतु ते शून्य पुसावयास फार दिवस लागले नाहीत. विश्वचषकातील मुलांना खेळावयास मिळावे म्हणून फुटबॉल महासंघाने 'इंडियन ॲरोज' नावाचा संघ आय-लीग स्पर्धेत उतरविला. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी गोव्यात बांबोळीच्या मैदानावर ह्या पोरसवदा संघाने चेन्नई सिटी ह्या प्रौढ संघाला ३–० असे हरविले, आणि त्यांतील दोन गोल अनिकेतचे होते. पुढे त्याला इंग्लंडातील ब्लॅकबर्न रोव्हर्स ह्या जुन्या क्लबात काही काळ सराव करण्याची संधी मिळाली. ब्लॅकबर्नचे मालक २०१० पासून आपल्या पुण्याचेच कुक्कुटपालनाचे व्यावसायिक व्हेंकीज आहेत, हे मुलांना सांगितले म्हणजे त्यांना मोठी मौज वाटते.

२०१९ साली तो जमशेदपूर क्लबात दाखल झाला. पिंपरीला मोटारींचा कारखाना उभा राहिला त्याच्या पुष्कळ आधी टाटांनी मोटारींचा कारखाना जमशेदपुरास काढला होता. तेव्हा आमच्या भागातील कित्येक घरांना ते गाव परके नाही. तेथील मैदानावर २९ ऑक्टोबर २०१९ रोजी जमशेदपूरने हैदराबादला ३–१ असे हरविले, आणि एक गोल अनिकेतने केला. इंडियन सुपर लीग ह्या मोठ्या स्पर्धेत तो नुकताच पाऊल टाकीत होता. परंतु आम्हा पुणेकरांनी ह्या सामन्याकडे निराळ्या कारणासाठी पाहिले पाहिजे. ज्या हैदराबादवर त्याने गोल केला, तो क्लब जन्मून तेव्हा पुरते तीन महिनेही झाले नव्हते. आणि त्याचा जन्म पुण्याच्या एका क्लबाच्या मरणातून झाला होता.

ही हकीकत थोडी सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या दाराशी घडलेली आहे. २००७ साली 'पुणे एफसी' हा क्लब निघाला. देहूरोडजवळ मामुर्डीस त्याने तरुण खेळाडूंसाठी शिक्षणकेंद्र चालविले. २०१२–१३ च्या आय-लीगमध्ये हा क्लब दुसरा आला. पुढे 'भारत एफसी' निघाला व एका हंगामातच आटोपला. पुणे एफसीने मोठ्या स्पर्धेतून अंग काढले. 'डीएसके शिवाजियन्स' दोन हंगाम आय-लीग खेळून २०१७ साली बाहेर पडला. २०१४ साली निघालेला 'एफसी पुणे सिटी' २०१९ साली पैशाच्या अडचणीने बंद झाला, आणि त्याची सुपर लीगमधील जागा हैदराबादला गेली. म्हणजे पाच वर्षांच्या आत एका शहराने चार क्लब गमावले. बालेवाडीचे मैदान आहे तेथेच राहिले, गवत आहे तेथेच राहिले. क्लब तेवढे उठून गेले. पुण्यात फुटबॉल शिकलेल्या मुलाला मोठा फुटबॉल खेळावयाचा झाल्यास पुणे सोडणे प्राप्त झाले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्यात म्हण आहे. धंदेवाईक खेळाडूला ती तंतोतंत लागू पडते. फरक इतकाच, की विंचू आपल्या इच्छेने हिंडतो.

दैवाची गंमत अशी, की २०२१ साली अनिकेत त्याच हैदराबाद क्लबात गेला. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्डा येथे अंतिम सामना झाला. केरळ ब्लास्टर्सशी १–१ अशी बरोबरी राहिली, आणि पेनल्टीच्या फटक्यांवर हैदराबादने ३–१ असा विजय मिळविला. लक्ष्मीकांत कट्टीमणी ह्या गोमंतकीय गोलरक्षकाने तीन फटके अडविले. त्या विजेत्या चमूत कोल्हापूरचा अनिकेत होता. पुण्याच्या हातून गेलेल्या जागेवर पुण्यात शिकलेला मुलगा विजेता ठरला, असे ह्याचे वर्णन केले तर अतिशयोक्ती होणार नाही. पुढे तो कलकत्त्याच्या ईस्ट बंगालमध्ये गेला. १९२० साली स्थापन झालेल्या त्या क्लबाचे नाव आपल्या आजोबांनाही ठाऊक असे. तेथून तो ओडिशाच्या क्लबात आला. २७ नोव्हेंबर २०२३ रोजी आशियाई क्लबांच्या स्पर्धेत ओडिशाने मोहन बागानला त्यांच्याच शहरात, सॉल्ट लेकच्या विशाल मैदानावर, ५–२ असे पराभूत केले. त्या पाच गोलांपैकी एक अनिकेतचा होता. ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल, ओडिशा. सहा वर्षांत पाच मुक्काम, आणि वय अवघे तेवीस.

आता एक प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. इतक्या क्लबांनी ज्याला बोलाविले, त्या फॉरवर्डच्या नावावर गोलांची रास का नाही? ह्याचे उत्तर आपल्या फुटबॉलच्या रचनेत आहे. सुपर लीगमध्ये प्रत्येक संघाला काही परदेशी खेळाडू मैदानात उतरविता येत. २०२१–२२ च्या आधी ही संख्या पाच होती, त्या हंगामापासून ती चार झाली. क्लबाला जिंकावयाचे असते, आणि जिंकण्यासाठी गोल हवा. म्हणून परदेशी खेळाडूला बहुधा पहिली जागा दिली जाते ती मध्यभागी, गोलच्या तोंडाशी. अनिकेतचे मुक्काम ह्या दृष्टीने तपासून पाहा. जमशेदपुरात मध्यभागी स्पेनचा कास्तेल होता, मागाहून लिथुआनियाचा वाल्स्किस आला. हैदराबादेत नायजेरियाचा ओगबेचे होता. विजेतेपदाच्या त्या एकाच हंगामात त्याने १८ गोल केले. ईस्ट बंगालमध्ये ब्राझीलचा क्लेटन सिल्वा, आणि ओडिशात ब्राझीलचाच दिएगो मॉरिसिओ; पुढे त्याच्या जोडीला फिजीचा रॉय कृष्णा. मुलपणी जो मधोमध उभा राहून गोल करावयास शिकला, त्याला मोठेपणी कडेला जावे लागले: रेषेलगत धावावयाचे, दुसऱ्याला चेंडू पुरवावयाचा, आणि चेंडू गमावला तर परत धावून बचावालाही हात द्यावयाचा. हिंदी फॉरवर्डांपैकी बहुतेकांची कथा हीच आहे.

मी स्वतः कडेला खेळलेला असल्याने ह्या बदलाचे मोल मला कळते. मधल्या जागेवरून कडेला जाणे हा पुष्कळांना अपमान वाटतो, आणि अपमान गिळता न आल्याने कित्येक चांगली मुले खेळ सोडून देतात. ज्याला धंद्यात टिकावयाचे आहे, त्याने मात्र असे म्हटले पाहिजे, की माझी जागा कोणतीही असो, तेथे मी उपयोगी पडेन. पाच क्लबांच्या प्रशिक्षकांनी अनिकेतला संघात घेतले ते ह्याच गुणासाठी, अशी माझी समजूत आहे.

पूर्वी ही स्थिती नव्हती. महाराष्ट्राच्या व गोव्याच्या फुटबॉलमधील सर्वांत कीर्तिमान फॉरवर्ड नेव्हिल डिसोझा हे होत. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले व आपला देश ४–२ असा जिंकला. ऑलिंपिकमध्ये अशी त्रयी साधणारे ते पहिले आशियाई खेळाडू. मुंबईत ते टाटा व कॅल्टेक्स ह्या कंपन्यांच्या संघांतून खेळले. त्या काळी कंपनीच्या संघातील खेळाडूला सामान्यतः त्या कंपनीत नोकरी असे. पाय थकले तरी मेज-खुर्ची शिल्लक राहत असे. ती पद्धत आता जवळजवळ अस्तास गेली. ज्या महिंद्रांचा कारखाना आज चाकणला आहे, त्यांचा 'महिंद्रा युनायटेड' संघ २००५–०६ साली राष्ट्रीय लीग जिंकला आणि २०१० साली बंद झाला. आजचा खेळाडू पूर्वीच्यापेक्षा अधिक पैसा मिळवितो, परंतु त्याच्या पाठीशी कारखाना नाही. कराराचा कागद आहे. आंतरराष्ट्रीय नियमाने तो करार फार तर पाच वर्षांचा असतो, आणि अठरा वर्षांखालील मुलाचा फार तर तीन.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याचे वडील मजकडे आले. चाकणच्या एका कारखान्यात ते कंत्राटावर होते; सात महिने भरले की 'ब्रेक', आणि पुन्हा दुसरे दार. ते म्हणाले, "सर, पोरगं म्हणतंय दहावी सोडतो आणि फुटबॉलच्या ॲकॅडमीत जातो. मी आजवर पाच कंपन्या फिरलो. त्यानं तरी एका जागी बसावं, एवढंच मागणं आहे."

मी त्यांना विचारिले, "भाऊ, पाच कंपन्यांतून निघताना बरोबर काय आणलेत?"

ते क्षणभर थांबले, आणि म्हणाले, "वेल्डिंग आणलं, सर. गेटपास कंपनीचा असतो, तो काढून घेतात. हात आपला असतो."

इतक्या मोजक्या शब्दांत ही गोष्ट मला सांगता आली नसती. ॲरोज हा संघ २०२२ साली मोडला. पुण्याहून हैदराबादला गेलेली ती जागाही तेथे टिकली नाही. पगार थकले, खेळाडू पांगले, आणि २०२५ साली त्या क्लबाचे बिऱ्हाड दिल्लीस हलले. त्याच वर्षी जुलैमध्ये सुपर लीगचा पुढील हंगामच स्थगित ठेवण्यात आला, आणि देशभर शेकडो खेळाडूंच्या घरी चिंता पसरली. क्लबाचा पोशाख हा गेटपास होय. त्याच्या आतील पाय, श्वास, शिस्त, नव्या गावात नव्या भाषेच्या माणसांत मिसळण्याची हातोटी, ही मात्र कोणत्याही मालकाला काढून घेता येत नाही.

परंतु एवढे सांगून थांबलो, तर मी त्या वडिलांची अर्धीच सेवा केली असे होईल. एखाद्या खेळाडूची विक्री एका देशातून दुसऱ्या देशात झाली, तर त्या रकमेचे शंभरापैकी पाच भाग त्याला लहानपणी ज्यांनी घडविले त्या संस्थांत वाटावे, असा फुटबॉलचा जागतिक नियम आहे. आणि 'लहानपण' म्हणजे त्या नियमात वयाची १२ ते २३ ही वर्षे धरली आहेत. ही वर्षे कोणती, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. सहावी-सातवीपासून पदवीपर्यंतची ती वर्षे आहेत. ज्या काळात फुटबॉलचा धंदा शिकावयाचा, नेमक्या त्याच काळात शाळाही शिकावयाची. म्हणून 'आधी शिक्षण, मग खेळ' हा आपला नेहमीचा उपदेश ह्या बाबतीत निरुपयोगी आहे. बाविसाव्या वर्षी कोणी फॉरवर्ड होऊ लागत नाही. आणि 'आधी खेळ, मग शिक्षण' हा हट्ट तर अधिकच घातक आहे. कारण गुडघा एकदा दुखावला, अथवा एखादा हंगामच भरला नाही, तर पाठीशी काहीच उरत नाही. दोन्ही ओझी एकदम उचलावी लागतात, आणि ती उचलण्यास मुलाला घरच्यांनी व शाळेने हात द्यावा लागतो. क्रीडा प्रबोधिनीसारख्या संस्थेत खेळाबरोबर शाळा चालते, तिचे मोल ह्याच कारणासाठी मोठे आहे. मुलासाठी ॲकॅडमी पाहावयास जाल, तेव्हा मैदान पाहण्याआधी वर्ग कोठे भरतो, मुले कोणत्या परीक्षेला बसतात, आणि दुखापत झाल्यास औषधपाणी कोण करतो, ह्या तीन गोष्टी विचारा. उत्तर देताना जो चाचरेल, त्याच्या हाती मूल देऊ नका.

त्या विद्यार्थ्याने दहावीची परीक्षा दिली व तो चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाला. आता तो सकाळी कॉलेजात जातो आणि सायंकाळी बालेवाडीच्या बाजूला सरावास जातो. त्याची कोठे निवड होईल की नाही, हे मला सांगता येणार नाही. त्याच्या वडिलांनी मात्र रविवारची पाळी बदलून घेतली आहे. ते मुलाचे सामने पाहावयास जातात.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी फारच थोडे जण फुटबॉलवर पोट भरतील, आणि पुष्कळ जण ह्याच टापूतील कारखान्यांत, कचेऱ्यांत, दवाखान्यांत, शाळांत कामास लागतील. तेथेही तुम्हाला जागा बदलाव्या लागतील, मधून कडेला जावे लागेल, आणि एखादे दिवशी गेटपास परत द्यावा लागेल. तेव्हा घाबरून न जाण्याचा अभ्यास मैदानावर आजपासून करता येतो. ह्या सत्रापासून दर शनिवारच्या सामन्यात मी तुमच्या जागा बदलून देणार आहे. नेहमी गोल करणारा बचावाला उभा राहील, उजव्या पायाचा खेळाडू डाव्या कडेला जाईल, आणि कप्तानही आळीपाळीने होईल. प्रथम कुरकुर होईल, हे मी जाणतो. येताना प्रत्येकाने आपापल्या पायाचे दोन्ही बूट तेवढे आणावे. ज्याच्याकडे नसतील त्याने शुक्रवारपूर्वी मला येऊन सांगावे.